आमचा डावखुरा

मला मारामारीचे पिक्चर आवडतात, आणि हे मी कुणाला भिऊन सांगत नाही. भोरमध्ये आमच्या शेजारणी दुपारी सासवा-सुनांच्या मालिका बघतात. आम्ही मायलेकी चटईवर पाय पसरून, टीव्हीचा आवाज मोठा करून, कराटे आणि कुंगफू लावतो. मी पन्नाशी ओलांडलेली, आई पंच्याहत्तरीच्या पुढची. जिन्यातून जाणाऱ्यांना वाटत असेल, या घरात रोज कडाक्याची भांडणं होतात. वाटू दे.

लोक विचारतात, त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे? अहो, बंदुकीच्या मारामारीत कष्टच नाहीत. चाप ओढला की काम झालं. इथं माणूस आधी गुरूच्या घरी पाणी भरतो, अंगण झाडतो, शिव्या खातो आणि मग कुठं त्याला एक लाथ शिकवतात. शिवाय हाताला लागेल त्यानं लढायचं. बाकडं, शिडी, झाडू, टोपली, काहीही. जिचं आयुष्य स्वयंपाकघरात गेलं त्या बाईला ही हिकमत लगेच कळते. आई तर बसल्या जागेवरून हिरोला सूचना देते. "आरं मागं बग, मागं! बसंल टाळक्यात." आणि बसलंच तर, "सांगत हुते मी!" म्हणून त्याच्यावरच चिडते.

हे वेड आम्हाला लागलं ते वेल्ह्याकडच्या आमच्या गावात, जत्रेत. चैत्रातल्या जत्रेला नसरापूरहून टेम्पोतून सिनेमाचं मशीन यायचं. देवळापुढच्या मोकळ्या जागेत दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचे. पडद्याच्या पुढं पुरुष बसायचे, मागच्या अंगाला आम्ही बायका. कापड पातळ होतं, चित्र दोन्हीकडून दिसायचं, त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती. भांडी घासून आम्ही पोचेपर्यंत सुरुवातीची नावं होऊन गेलेली असायची. मधे एखाद्या दुकानाची पाटी दिसलीच, तर ती चिनी भाषेत. ती सुलटी आहे का उलटी, हे आमच्यातल्या कुणाच्या बापाला कळणार होतं!

मी दुसरीत-तिसरीत असताना जो पिक्चर आला, त्याचा हिरो ठेंगणा होता. मार खाल्ला की हसायचा. दुसऱ्याला ठोसा दिला की स्वतःचाच हात झटकायचा, लागलं म्हणून. असला हिरो आम्ही आधी बघितलाच नव्हता. आणि गंमत म्हणजे तो ठोसे द्यायचा डाव्या हातानं. काड्यांनी भात खायचा तोही डाव्या हातानं. मी उभी राहून ओरडले, "आये, त्यो माज्यासारका हाय! डावखुरा!"

पुढच्या बायका मागं वळल्या, पुन्हा पडद्याकडं बघितलं. "व्हय की गं, खरंच की," असं सगळीकडून सुरू झालं.

माझ्या ओरडण्याला कारण होतं. आमच्या घरात तेव्हा माझ्या डाव्या हाताचं महाभारत चाललं होतं. स्वयंपाकघरात सत्ता थोरल्या चुलतीची. डाव्या हातानं घास घेतला की ती उलथनं हाणायची. तिचं म्हणणं, डावखुऱ्या पोरीला कोण करून घेणार? भातलावणीच्या ओळीत कोपर लावणार, पंगतीत डाव्या हातानं वाढणार आणि घराण्याची शोभा करणार. आई धाकटी जाऊ. तिनं त्या घरात कधी मान वर करून शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. चुलती फडकं पुढं करायची आणि आई जेवणाच्या वेळी माझा डावा हात त्यानं पाठीशी बांधायची. उजव्या हातातला घास सांडायचा, पोरं हसायची. मी अर्धपोटी उठायला लागले होते.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. चुलतीनं नेहमीसारखं फडकं पुढं केलं. आईनं ते घेतलंच नाही. परातीतलं पीठ मळता मळता, वर न बघता म्हणाली, "जाऊबाय, त्यो गडी डाव्या हातानं येवडाली मानसं लोळवतो. माज्या पोरीला नुसती भाकरी खायाची हाय. खाऊ द्या तिला."

 चुलती म्हणाली, "एक शिनेमा बगितला अन् लई शानी झाली." पण ते फडकं परत काही आलं नाही. उलट आईला जोर चढला. बाजाराच्या दिवशी भोरला येऊन तिनं लोहाराकडून माझ्यासाठी उलट्या धारेचा छोटा विळा करून घेतला. प्रसाद आणि पंगतीतलं वाढणं तेवढं उजव्या हातानं, बाकी पोरीची मर्जी, असा कायदाही तिनंच केला. त्या हिरोचे मी किती उपकार मानले म्हणून सांगू! शाळेत मास्तरांनी छडीसाठी हात पुढं करायला सांगितला तरी मला तो आठवायचा.

पुढं आयुष्यभर आईनं ही गोष्ट सांगितली. मला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे बाजूला राहिले, आधी तो पिक्चर ऐकवला. "आमची डावखुरी हाय बरं का, पाव्हनं. मागनं बोलायचं न्हाई." माझ्या सासूबाईंनी नाक मुरडायच्या आतच आईनं ठेंगण्या हिरोला मैदानात उतरवलं होतं. आई चुलतीसमोर एकदाच उलटून बोलली आणि जिंकली. तिच्याकडं मिरवायला दुसरं फारसं काही नव्हतं.

मागच्या महिन्यात माझी मुलगी पुण्याहून आली. आमच्या तोंडून ऐकून ऐकून तिला तो पिक्चर पाठच झाला होता. मोबाईलवर शोध शोध शोधून तिनं तो हुडकला आणि टीव्हीवर लावला. "आजी, ये लवकर! सापडला तुमचा डावखुरा!" आई हात पुसत आली, चष्मा लावला, अगदी सोवळ्यातलं काही बघायचं असल्यासारखी मांडी घालून बसली.

पडद्यावर तोच ठेंगणा, तीच काड्यांनी भात खायची जागा. आणि काड्या उजव्या हातात.

मला वाटलं, पिक्चर दुसरा असेल. पण बाकडं घेऊन केलेली मारामारी तीच, हात झटकायची लकब तीच. ठोसे मात्र सगळे उजव्या हाताचे. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पडद्याच्या मागं बसलो होतो! पदवीपर्यंत शिकले, पोरांना गणितं शिकवली आणि एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत सुचली नाही.  लहानपणापासून ज्याला मी आपला माणूस समजत आले, तो आमच्यातला नव्हताच.

मुलीच्याही ध्यानात आलं. ती हसून तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिला असा चिमटा काढला की बिचारी कळवळली. माझं जाऊ द्या, माझा हात तर सुटला होता. पण ज्याच्या जोरावर आई त्या दिवशी बोलली, ते सगळं कापडाच्या उलट्या बाजूचं होतं, हे तिला या वयात कळून काय मिळणार होतं?

"आये, चहा टाकू का? बंद करू हे?" मी म्हणाले.

"गप बस. बगू दे."

ती पुढं सरकली.  टीव्हीत हिरोनं एकेकाला लोळवलं, पण एरवीसारखी एकही सूचना तिच्या तोंडून निघाली नाही. मग म्हणाली, "उजव्यानं मारतोय."

"हो."

"ह्यो पिच्चर त्यानं परत काडला व्हय गं?"

"काढला असेल," मी म्हणाले. मुलीनं मान खाली घातली.

"तरीच. मदल्या काळात हात बदलला बग त्याचा. घरातल्यांनीच बांदला आसंल." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. चेहऱ्यावर दुःख म्हणावं तर तसं नव्हतं. हळहळ होती, आणि हळहळीखाली चांगलंच समाधान. "मारतोय तसा झ्याक. पन बिचाऱ्यासाटी कुनी बोललं न्हाई."

 आईनं माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "तुज्यासाटी म्या बोलले."