डावीकडचं पाणी

"कुठल्या बाजूला?" हा आमच्या सरांचा प्रश्न. विचारताना ते दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या जबड्याखाली टेकवायचे आणि उत्तर येईपर्यंत तशीच ठेवायचे. ऑटोवाला म्हणाला, "सार, देवळापाशी सोडू?" की, "कुठल्या बाजूला?" शेजारीण दात दुखतोय म्हणाली की, "कुठल्या बाजूला?" राजाजीनगरच्या त्यांच्या गल्लीतल्या भाजीवालीने एकदा मुलीचं लग्न ठरल्याची बातमी दिली. तेव्हाही सवयीने तेच तोंडातून गेलं. ती बाई जराही न गोंधळता म्हणाली, "तुमकूरच्या बाजूला, सार."

मी नागपूरहून इकडे कन्नड मुलखात दातांच्या कॉलेजात शरीररचना शिकवायला आले, तेव्हा ते आमच्या विभागाचे प्रमुख होते. पहिल्याच दिवशी मी व्हरांड्यात आईशी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, "नागपूरची काय गं तू?" त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी नागपूर झाले. "काय नागपूर, जेवलीस काय?" "नागपूर, उद्याचा तास तू घे की." सर मूळचे निपाणीकडचे. घरी मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी, आणि राग आला की तिन्हींची भेळ.

राग त्यांना एकाच गोष्टीचा यायचा. न दिसलेलं दिसलं म्हणणाऱ्याचा.

याची परीक्षा लाळग्रंथींच्या तासाला व्हायची. हा तास म्हणजे आमच्या कॉलेजातला एक सणच होता. आदल्या दिवशी सरांच्या घरी काकू चिगळ्या करायला बसायच्या. चिगळी म्हणजे चिंच, गूळ, मीठ, मिरची आणि जिरं एकत्र कुटून काडीला लावलेला गोळा. इकडे शाळेतली पोरं मिटक्या मारत चोखतात. अख्ख्या वर्गाला पुरतील इतक्या चिगळ्या स्टीलच्या डब्यातून यायच्या आणि डबा उघडला की शेवटच्या बाकावरची झोपसुद्धा उडायची.

सर मुलांच्या जोड्या लावायचे. एकाने जिभेचं टोक टाळ्याला लावून तोंड उघडायचं, दुसऱ्याने उजेड पाडून आत बघायचं. तुम्हीही आरशासमोर उभं राहून बघा. जिभेखाली मधोमध एक पातळ दोरी दिसते आणि तिच्या बुडाशी, दोन बाजूंना, मोहरीएवढे दोन उंचवटे. जबड्याखालच्या दोन लाळग्रंथींच्या नळ्या तिथे उघडतात. सर म्हणायचे, "मुनसिपाल्टीचे दोन नळ. फरक इतकाच की हे रोज येतात."

मग ते चिगळी नुसती दाखवायचे. द्यायचे नाहीत. "गिळू नका. बघा." आणि खरोखर, त्या उंचवट्यांवर एक थेंब जमायचा, चमकायचा आणि घरंगळायचा. एरवी फोनमध्ये डोकं घालून बसणारी मुलं एकमेकांच्या तोंडात त्याच फोनचा उजेड पाडून थक्क होऊन बघायची.

"आलं, सर."

"कुठल्या बाजूला?"

इथे मुलं सापडायची. एकदा पहिल्या बाकावरच्या एका हुशार मुलीने पाठ केल्यासारखं सांगितलं, "दोन्ही बाजूंना, सर." सरांनी तिच्या जोडीदाराकडे बोट केलं. "त्याने तोंड अजून उघडलेलं नाही, अम्मा." वर्ग हसला, ती रडवेली झाली, आणि सरांनी तिला सगळ्यांत मोठी चिगळी दिली. पण मार्क दिले नाहीत. "दिसलं तेच सांगा," ते म्हणाले. "दिसलं नाही तर नाही म्हणा. नाही म्हणायला पण मार्क आहेत."

लाळेविषयी ते इतक्या मायेने बोलायचे, की ऐकणाऱ्याला आधी हसू यायचं आणि मग स्वतःच्या तोंडाविषयी आदर वाटायला लागायचा. कानापुढची ग्रंथी मोठी, तिचं पाणी पातळ. गालगुंड झालं की सुजते ती हीच. जबड्याखालची मधल्या भावंडासारखी, दिवसभर गुपचूप काम करणारी. जिभेखालची लहान, तिची लाळ चिकट. शिवाय ओठांत, गालांत, टाळ्यात बारीक बारीक असंख्य. "लोकांनी हृदयावर गाणी लिहिली," ते तक्रार करायचे, "आणि हिच्यावर काय, तर लाळघोटेपणा म्हणून शिवी. एक दिवस बंद पडू दे, मग कळेल."

जीभ कापडाने कोरडी पुसून तिच्यावर साखर ठेवायचा खेळ त्यांनी मला शिकवला. लाळ सुटेपर्यंत साखर वाळूसारखी लागते. भाकरीचा घास खूप चावला की गोड होतो, ते गोडपणही लाळेचं. त्यामुळे सर जेवायला भारी वेळ लावायचे. मी दोन गल्ल्या सोडून राहायचे, रविवारी बहुतेक त्यांच्याकडेच जेवायला असायचे. काकू गावाकडे चुलीवर करायच्या तशाच भाकऱ्या थापायच्या, गॅसवर पापुद्रा टम्म फुगायचा, आणि माझ्या दोन भाकऱ्या संपल्या तरी सर पहिलीवरच.

"ह्यांच्यासोबत पंगतीला बसायची सोय नाही बघ," काकू म्हणायच्या. "लोक हात धुऊन आले तरी हे पहिल्या घासाला."

"तिला तिचं काम करू दे की."

"तिला म्हणजे मला का लाळेला?"

"दोघींना."

मग ती गाठ आली. दाढी करताना सरांच्याच बोटांना लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विभागात बोलावलं, दार लोटलं, मान वर केली आणि म्हणाले, "बघ नागपूर. कुठल्या बाजूला सांग." मी हात लावला. उजव्या जबड्याखाली, सुपारीएवढी, कठीण. "उजवीकडे, सर." "बरोबर," ते म्हणाले, जणू माझी तोंडी परीक्षाच चालली होती.

उजवी ग्रंथी नळीसकट काढून टाकली. त्यानंतर मानेला दोन्ही बाजूंनी किरणांचे उपचार झाले. आजार आटोक्यात आला, पण तोंड सुकलं. ज्या माणसाने आयुष्यभर लाळ शिकवली त्याच्या तोंडात लाळ राहिली नाही. मला तेव्हा देवाचा फार राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

सर रजेवर गेले. बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची, दर वाक्याला बाटलीतल्या पाण्याचा घोट लागायचा. जेवण म्हणजे गंजी, इकडची तांदळाची पातळ पेज, मऊ भात, ताक. भाकरीचा तुकडा तोंडात तसाच फिरत राहायचा, पुठ्ठ्यासारखा. एकदा त्यांनी प्रयत्न केला, मग तुकडा हळूच बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला. काकूंनी तो उचलला आणि त्या दिवसापासून घरातली भाकरी बंद झाली.

"एकटीसाठी कुठं तवा तापवू?" त्या म्हणायच्या. त्याही गंजीच प्यायच्या. ज्वारीवर वाढलेली ती बाई बघता बघता वाळली. पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. भाजीवालीने विचारलं, "अक्का, बरं नाही काय?" तर म्हणाल्या, "बरं आहे, स्वल्प भूक कमी झालीय."

सरांना स्वतःच्या तोंडापेक्षा हे जास्त लागलं. मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "माझी लाळ गेली ती गेली. हिची कशाला जायला पाहिजे? हिला सांग की जेवायला. माझं ऐकत नाही."

मी सांगून पाहिलं. काकूंनी अट घातली. "ह्यांच्या तोंडाला पाणी सुटू दे. त्या दिवशी थापते भाकरी. दोघं खाऊ." डॉक्टरांनी आशा अगदीच सोडलेली नव्हती. डावी ग्रंथी शाबूत होती. किरणांनी थकली होती इतकंच. वर्षभरात जागी होईल, कदाचित होणारही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे सगळ्यांची आस त्या डावीकडच्या एका थेंबावर होती. तो आला तर सर घास गिळतील आणि काकू जेवतील.

म्हणून रविवारची तपासणी सुरू झाली. जेवणाआधी सर खिडकीशी खुर्चीत बसायचे, जीभ टाळ्याला लावायचे. काकू समोर चिगळी धरायच्या. मी आत बघायचे. डावीकडचा उंचवटा कोरडा, फिकट. मी वाट बघायचे. चिगळी जिभेवर टेकवून बघायचे.

"नाही, सर."

"सरी, ठीक. मार्क घे," ते म्हणायचे आणि पाण्याचा घोट घ्यायचे. काकू चिगळी गुंडाळून डब्यात ठेवायच्या आणि गंजी वाढायच्या. असे कितीतरी रविवार गेले. 'नाही' म्हणणं इतकं जड असतं हे मला ठाऊक नव्हतं.

एका रविवारी काकूंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "आज मी बघते. तू चिगळी धर." मी धरली. त्या वाकल्या, खूप वेळ बघत राहिल्या. उजेड हलत नव्हता, हात स्थिर होता. मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "आलं."

सरांनी तोंड मिटलं. बोटं आपोआप जबड्याखाली गेली. "कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे."

मी खाली बघितलं. उजवीकडे ग्रंथी नव्हती, नळी नव्हती. पाणी यायचं तरी कुठून? काकूंना बिचाऱ्यांना एवढं कुठलं लक्षात राहायला, असं माझ्या मनात आलं, आणि आता सर काय म्हणतात याची मला धास्ती वाटली. न दिसलेलं सांगणाऱ्याला या माणसाने कधी सोडलं नव्हतं.

सर काकूंकडे बघत राहिले. त्यांच्या उतरलेल्या खांद्यांकडे, हातातल्या फोनकडे. मग म्हणाले, "बरोबर. पास." आणि थोडं थांबून, "आता शब्द पाळ. पीठ काढ."

काकूंनी पीठ काढलं. तवा ठेवला. कित्येक महिन्यांनी त्या घरात भाकरी थापल्याचा आवाज आला. सरांनी ताटात अर्धी वाढून घेतली, ताकात कुस्करून भिजवली आणि चमच्याने थोडी थोडी गिळली. ती त्यांना वाळूसारखीच लागली असणार. पण त्यांचं लक्ष समोर होतं. काकू ठेचा लावून खात होत्या, डोळे खाली घालून. "सावकाश," सर म्हणाले. "चावून खा. गोड होईपर्यंत."

त्यानंतर भाकरी रोज झाली. काकूंच्या अंगावर पुन्हा थोडं मांस आलं. रविवारची तपासणी मात्र सरांनी बंद करून टाकली. पास झालेल्याची परीक्षा परत घेत नाहीत, म्हणाले. पुढे आजार उलटला आणि सर गेले.

नवीन वर्षाची मुलं आली तेव्हा लाळग्रंथींचा तास माझ्याकडे आला. चिगळ्या बाजारातून आणाव्यात असा माझा विचार होता, पण काकूंचा फोन आला. "नागपूर, चिंच निवडून ठेवलीय. ये." सरांनी ठेवलेलं नाव आता त्याच घेतात.

दोघी खाली बसून कुटत होतो. कुटता कुटता काकू म्हणाल्या, "त्या दिवशी तुला वाटलं असेल, हिला काय कळतंय."

मी बत्ता थांबवला.

"उजवीकडची काढलेली, ते मला माहीत होतं गं. रोज पट्टी मीच बदलत होते की." त्यांनी चिंचेतला चिंचोका काढून बाजूला टाकला. "त्यांनी जेवावं, त्यांना स्वल्प बरं वाटावं म्हणून खोटं बोलले. पण डावीकडे आलं असं कसं सांगू? तिथं खरंच यायचं होतं. उद्या आलं असतं तर? खरं यायच्या जागी खोटं कशाला ठेवू? म्हणून उजवीकडे सांगितलं. तिथं आता कुणाचं काय बिघडणार होतं?"

"सरांना कळलं होतं, काकू."

"ते तर कळणारच. एवढी वर्षं पोरं नापास केली त्यांनी." त्यांचा आवाज भरून आला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. "पण मला पास केलं बघ. पास केलं तर जेवावं लागेल मला, म्हणून केलं."

डावीकडे पुढे कधी आलं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीच मान हलवली. नाही.

मग त्यांनी गोळा वळला, काडीला लावला आणि माझ्यासमोर धरला. हात पुढे करायच्या आत माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि मी ते गिळणार तेवढ्यात काकूंनी विचारलं, "कुठल्या बाजूला?"