शेपटीच्या गिअरबॉक्समधली कपची

"मॅडम, आईला सकाळपासून तयार करून बसवलीय. आता न्हाय बोलू नका."

गणेशशेठ हात जोडून उभे होते. पूर्णा गावात त्यांच्या गोडाऊनमागे हेलिपॅड आहे. त्यावर त्यांचं चार सीटचं सेकंडहँड हेलिकॉप्टर. पेट्रोलवर चालणारं पिस्टन इंजिन, म्हणजे साधारण मोटारीसारखंच. जेट इंजिनवाल्यापेक्षा घ्यायला स्वस्त. सांभाळायला स्वस्त नसतं, हे त्यांनी घेण्याआधीच मी सांगून थकले होते. मी मेंटेनन्स इंजिनिअर. माझी सही झाल्याशिवाय ते उडत नाही.

त्या सकाळी जमिनीवरच इंजिन चालवून बघताना पॅनेलवर चिप लाइट लागला. शेपटीच्या पंख्याच्या गिअरबॉक्समध्ये छोटं लोहचुंबक असतं. तेलातून लोखंडाचा कण आला की ते पकडतं आणि दिवा लागतो. पिठासारखी भुकटी असेल तर पुसायची आणि निघायचं. चुंबक काढून बघितलं तर माझ्या बोटावर चक्क कपची आली. म्हणजे आत काहीतरी तुटत असू शकतं. हवेत शेपटीचा पंखा बंद पडला तर हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरायला लागतं.

"एकच चक्कर," शेठ म्हणाले. "तिची शेती होती तेवढ्या जमिनीवरून."

"गिअरबॉक्स उघडल्याशिवाय नाही."

"कॅप्टन, तुम्ही तरी बोला."

"सही झाली की निघू," पायलट म्हणाला आणि चहा शोधायला गेला.

आजी सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या. हिरवं लुगडं, कानात आधीच कापूस घातलेला.

"पोरी, आज न्हाय का जात?"

"नाही आजी. बिघाड आहे."

"मग र्‍हाऊ दे. परत जाऊ."

गिअरबॉक्स खोलून वर्कशॉपला पाठवला. मग तपासणीची वाट, कागदांची वाट. मी अधूनमधून जायचे, कव्हर काढायचे, उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना बघायचे. मधल्या काळात आजींना पॅरालिसिसचा झटका आला. त्यांना उठून बसता येईना.

त्यानंतर वर्कशॉपचा रिपोर्ट आला. गिअर, बेअरिंग सगळं ठणठणीत. कपची बहुधा आधीच्या मालकाच्या रिपेअरिंगमधली, आत राहून गेलेली.

शेठनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे त्या दिवशी उडालो असतो तर काय झालं नसतं."

"नसतं."

"उद्या परत तशीच कपची निघाली तर?"

"परत थांबवीन."

त्यांनी रिपोर्टची घडी घातली. "तुमचं बरोबर असंल, मॅडम. पन मना तुमच्याकडं बघवत न्हाय."

मी मान हलवली. गिअरबॉक्स बसवला, इंजिन चालवून बघितलं, सही केली. त्या सहीवर हेलिकॉप्टर उडालं ते थेट नव्या मालकाकडे.

आमच्या कामात थांबवल्यामुळे अपघात टळला, याचा पुरावा क्वचितच मिळतो. उगाच थांबवलं, याचा मात्र रीतसर रिपोर्ट येतो.