सुटाच्या कापडाचा टॅक्स

बाबांनी आयुष्यात एकदाच परदेशप्रवास केला. कंपनीने मला सहा महिने लंडनला पाठवलं होतं, त्यातल्या शेवटच्या पंधरवड्यात मी त्यांना बोलावून घेतलं. आई विमानाला घाबरून नायगावातच राहिली.

मुंबईत गिरण्यांचा संप झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्याआधी बाबा परळच्या एका मिलमध्ये विणकर होते. संपानंतर मिलने त्यांना परत घेतलं नाही. मी पाहिले ते फोर्टमधल्या एका इमारतीचे लिफ्टमन. कापडाबद्दल त्यांना घरात कुणी काही विचारत नसे. पालकसभेला ते शाळेत आले की मी हळूच सांगायची, "टीचरशी मीच बोलते." ते मान डोलवायचे आणि मागे उभे राहायचे.

माझं लग्न ठरलं होतं. बाबांसाठी सुटाचं लोकरी कापड घ्यायला मी त्यांना एका जुन्या दुकानात नेलं. किंमत सांगितल्यावर ते सरळ दाराकडे वळले.

"अहो, टॅक्स परत मिळतो," मी म्हणाले. "आपण बाहेरचे ना. विमानतळावर माल दाखवायचा, फॉर्मवर शिक्का घ्यायचा, की झालं."

"सरकार पैसे परत देतं?"

"हो."

"आमच्यावेळी हे सरकार कुठं होतं गो?" ते म्हणाले आणि हसले.

मग त्यांनी कापड हातात घेतलं. उलटं केलं, उजेडाकडे धरलं, किनारीवरून अंगठा फिरवला. म्हातारा दुकानदार बोलायचं थांबून त्यांच्या हाताकडे बघत राहिला. त्याने मला विचारलं, हे काय करतात? मी म्हणाले, टेक्स्टाइल्समध्ये होते. त्याने बाबांशी हस्तांदोलन केलं.

"विणकर म्हणून सांगितलंस त्याला?" बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं.

"सांगितलं."

बसमध्ये ते ताण्या-बाण्याबद्दल बोलत राहिले. सुताच्या तुटलेल्या टोकाला गाठ कशी मारायची, ते माझ्या ओढणीच्या दशीवर करून दाखवलं. त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी मला बाथरूममधून जळका वास आला. बाबांनी माझ्या नखं कापायच्या कात्रीने कापडाचा कोपरा कातरला होता आणि त्यातले दोन धागे काडीने जाळून बघितले होते.

"केस जळल्यासारखा वास आला बघ. अस्सल लोकर," ते खुशीत म्हणाले. उरलेला तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

टॅक्स परत हवा असेल तर वस्तू कोरी असावी लागते, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. कातरलेला कोपरा आत जाईल अशी घडी घातली.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "वापरलेलं नाही ना?"

मी म्हणाले, "नाही."

त्याने घडी उलगडायला सुरुवात केली. मिलमध्ये विणकराचं कापड असंच टेबलावर पसरून तपासत, आणि खोट निघाली की पगार कापत. विणकराने समोर उभं राहून आपली बाजू मांडायची. बाबा पुढे आले.

"माल एक नंबर आहे साब, मैंने खुद चेक किया," असं म्हणत त्यांनी खिशातला कागद उघडून तो तुकडा काउंटरवर ठेवला.

अधिकाऱ्याने शेवटची घडी उघडली. तुकडा कोपऱ्याला लावून बघितला. बरोबर बसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि शिक्का न मारताच फॉर्म परत सरकवला.

"तुम्हाला विचारलं होतं का कुणी?" मी बाबांवर ओरडले. मी सहसा ओरडत नाही. "कळत नाही तर गप्प उभं राहता येत नाही?"

मागे रांगेत एक मराठी जोडपं होतं. त्यांनी नजर वळवली.

"मला वाटलं, तो कापडात खोट काढतोय," बाबा म्हणाले.

विमानात मी म्हणाले, "जाऊ दे बाबा, पैसे काही फार नव्हते."

"पैशांचं नाय गो," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. कोपऱ्याबद्दल खोटं मी बोलले होते, हे त्या सगळ्या प्रवासात मला त्यांना सांगता आलं नाही.

शिंप्याने कातरलेला भाग वगळून सूट शिवला. लग्नात तो बाबांना शोभलाही. सासरच्या एका काकांनी त्यांची बाही चिमटीत धरून विचारलं, "वा, काय कापड आहे हो! कुठलं?"

"हिला विचारा," बाबा म्हणाले. "मला कापडातलं काय कळत नाय."

काका माझ्याकडे वळले. मी त्यांना दुकानाचं नाव सांगितलं.