वन्संची वळकटी

निरोप आला तेव्हा मी अंगणातला उन्हाचा कोपरा झाडत होते. भाऊबीजेला वन्सं येणार आणि आल्या आल्या आपली वळकटी तिथे उन्हात टाकणार, हे ठरलेलं. लोणावळ्याहून आलेला माणूस फाटकाशीच थांबला आणि म्हणाला, "वहिनी, तुमच्या वन्सं काल गेल्या..." केरसुणी माझ्या हातातच राहिली. महिना उलटून गेला, तरी तो कोपरा मी अजून झाडते. सवय, दुसरं काय!

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, शांता. आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी लग्न होऊन त्या लोणावळ्याजवळ, कुसगावकडच्या एका शेठच्या बंगल्यात गेल्या. त्यांचे यजमान तिथे राखणदार, मागच्या दोन खोल्यांत सासूसकट बिऱ्हाड. पावसाळाभर बंगला बंद, आणि तिकडच्या पावसात भिंती आतून पाझरायच्या. ओल दिसू नये म्हणून शेठनी मागच्या खोल्यांसकट सगळ्या भिंतींना लाकडी भुशाचे मऊ तक्ते ठोकून घेतले होते. त्या तक्त्यांवर काळी-हिरवी बुरशी धरायची. दिवाळीला शेठमंडळी यायच्या आत ती कोरड्या केरसुणीने झाडायची आणि वर चुना फासायचा, ही तिथली रीत. झाडायचं काम वन्संचं. पदर नाकाला लावून त्या तो काळा भुगा पाडायच्या. पदराने काय अडतंय? सगळा छातीत जायचा. यंदाही त्यांनीच झाडलं.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून खोकला लागला. डोळे चुरचुरायचे, धाप लागायची, आडवं पडणं म्हणून नाही. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, इथे आमच्या इंदुरीला, माहेरी आल्या की चार दिवसांत खोकला गायब! इंद्रायणीवरून धुणं घेऊन वर चढताना माझी दमछाक व्हायची, त्यांची नाही. झालं, त्यांच्या सासूबाईंना आयतं कोलीत मिळालं. "म्हायेराची वाट दिसली की हिचा खोकला पळतो. सोंग हाय समदं!" हळूहळू यजमानही तसंच म्हणायला लागले. मला मेलीला त्याचाच संताप येतो अजून. आजारी बाईला औषध देता येतं, पण खोटी ठरवलेल्या बाईला काय द्यायचं? एकदा भाकरी थापता थापता वन्सं म्हणाल्या, "वहिनी, मला बरं वाटायला लागलं ना, की भीतीच वाटते गं..."

तळेगावच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "ही बुरशी विषारी असते. तिची पूड छातीत जाते. ती खोली सोडा." सोडा म्हणे! नोकरीबरोबरच मिळालेली खोली ती. यजमानांनी एकदा तक्ता उचकटून पाहिला, तर मागे सगळी भिंत काळी, हात लावला तर बुळबुळीत. पण शेठ यायचे होते, म्हणून चुना मारून तोच तक्ता परत ठोकला. सांगून सांगून मी थकले हो, खरंच थकले.

गेल्या आठवड्यात वन्संच्या सासूबाई त्यांची वळकटी पोचवायला आल्या. मी त्यांना मावशी म्हणते. वन्सं गेल्यापासून त्यांच्या जागेवर, त्याच भिंतीशी, आता मावशी निजतात. आल्या त्या खोकतच. आमचे हे म्हणाले, राहा चार दिवस, म्हणून राहिल्या. मी काढा तेवढा देत राहिले. काल सकाळी उठून त्या ओट्यावर येऊन बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रातच्याला एकदाबी खोकले न्हाई गं मी."

मी काढ्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"सोंग न्हाई करत मी, पोरी..."

मला मोठ्याने रडावंसं वाटलं. उठले, वळकटी उचलून उन्हाच्या कोपऱ्यात नेली आणि उलगडली. आतून त्या खोलीचा कोंदट वास आला. मावशी हात लावायला म्हणून गुडघ्यांवर जोर देत उठल्या.

"तुम्ही लांब बसा, मावशी," मी म्हटलं. "बाधतं ते."