खोडरबरांचा डबा

"टाक डब्यात."

जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पुढे धरून बाई प्रत्येक पोराला एवढंच म्हणायच्या. पोर दप्तर खाली ठेवायचं, कंपासपेटी उघडायचं, खोडरबर काढायचं आणि डब्यात सोडायचं. टप्. मग मागचं पोर. टप्. सगळी आत गेली की बाई डब्याला झाकण लावून तो खिडकीत ठेवायच्या आणि त्यांचा क्लास सुरू व्हायचा. सुटताना ज्याचं त्याने परत घ्यायचं.

शहापूरच्या बाजारात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. बाईंचा क्लास माझ्या डोक्यावर, म्हणजे दुकानाच्या वरच्या, त्या राहायच्या त्याच दोन खोल्यांत भरायचा. त्यामुळे रोज संध्याकाळी हा टप्-टप् कार्यक्रम मला गल्ल्यावर बसून ऐकू यायचा. पोरंच ती. सुटल्यावर निम्मी रबर विसरून घरी पळायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे नवं घ्यायला यायची. बाईंच्या त्या डब्यामुळे माझा धंदा चांगला चालला होता, हे मी त्यांना कधी बोललो नाही.

तुम्ही कुठल्याही तालुक्याच्या गावात संध्याकाळी बाजारातून एक फेरी मारा. गणवेश तोच, टाय लोंबतोय, हातात वेफर्सचं पाकीट, आणि पोरं शाळेतून घरी न जाता थेट क्लासला निघालेली. पूर्वी लोक विचारायचे, पहिलीतल्या पोराला क्लास कशाला? आता पहिलीतल्या पोराला क्लास नसेल तर विचारतात, का हो, घरी काही अडचण आहे का? मी तक्रार करत नाही. परीक्षा जवळ आल्या की माझी दिवाळी असते.

बाई मूळच्या मुरबाडकडच्या, म्हसा ओलांडून पुढे गेलं की त्यांचं गाव. भातशेतीचं घर. त्यांनी डी.एड. केलं होतं, पण नोकरी काही लागली नव्हती. नवरा वाशिंदला कारखान्यात पाळी करायचा. शिक्षकभरती निघाली की बाई परीक्षा देऊन यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन जिन्यात उभ्या. अंगाने आडव्या, आवाज असा की वर पाढे सुरू झाले की खाली माझ्या गिऱ्हाइकाला वहीची किंमत दोनदा सांगावी लागायची. चष्मा डोक्यावर सरकवून तोच चष्मा घरभर शोधायच्या. इंग्रजीची आणि त्यांची तर जुनी भांडणं होती. त्या फळ्याकडे बघून जोरात "वेडनेसडे" म्हणायच्या आणि इंग्रजी माध्यमाची पोरं खिदळायची.

"हसा हसा," बाई म्हणायच्या. "चुकली ना बाई? ऱ्हाऊ दे. ती चूक पन आपलीच हाय."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गणित चुकलं तर खोडायचं नाही. त्यावर एक साधी रेघ मारायची आणि शेजारी पुन्हा करायचं. चुकलेलं तिथेच दिसत राहिलं पाहिजे. फळ्यावर बाईंची स्वतःची चूक झाली तर तिच्याभोवती गोल काढून त्या बाजूला "बाई" असं झोकात लिहायच्या. त्यांना आपल्या अक्षराचा भारी अभिमान होता.

पालकांना हे कसं आवडावं? वही उघडली की सगळीकडे रेघा. एक आई माझ्या दुकानात उभी राहून मलाच म्हणाली, "काका, बाकीच्या क्लासमधल्या पोरांच्या वह्या बगा, कशा मोत्यासारख्या. आमच्या वहीत नुसती काटाकाटी." मी तिला वहीला घालायचं कव्हर दिलं.

आणि मग स्वरा आली.

चौथीतली मुलगी. दोन वेण्या, त्यांत लाल रिबिनी, आणि आवाज असा की मला गल्ल्यावरून वाकून ऐकावं लागायचं. "काका, खोडरबर." गुलाबी, वासाचं घ्यायची. दोन दिवसांनी पुन्हा. "काका, खोडरबर." मला वाटलं, हीसुद्धा डब्यात विसरत असेल. मी खुशीत होतो.

एके दिवशी बाई जिना उतरून तरातरा खाली आल्या. हातात एक वही.

"काका, या पोरीला आजपासून रबर इकायचं नाय."

"अहो बाई, दुकान आहे माझं. मागेल ते..."

बाईंनी वही माझ्यापुढे उघडली. पानावर भोकं पडली होती. नुसतं झिजलेलं पान नव्हे, आरपार भोकं. मुलगी उत्तर लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. कागद फाटला की पान उलटून तेच दुसऱ्या बाजूला करायची. गंमत अशी की जिथे जिथे थोडं वाचता येत होतं, तिथे उत्तर बरोबरच होतं.

"इथं डब्यात एक टाकते आन् मोज्यात दुसरं लपवते," बाई म्हणाल्या. त्यांचा तो मोठा आवाज एकदम खाली गेला होता. "बरोबर आलेलं पन पुसते हो काका. भ्याली हाय पोर."

तिला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं होतं. ही परीक्षा ज्यांच्या घरात झाली असेल त्यांना ठाऊक आहे, की तिथे उत्तराचा गोल पेनाने काळा करायचा असतो. एकदा केला की केला. तिथे खोडरबर कामाचं नाही. खोडल्याशिवाय एक ओळ पुढे न जाणारी ही मुलगी त्या कागदापुढे बसून काय करणार होती? कोरा ठेवून उठून आली असती.

स्वराचे वडील रात्रपाळीने तारवटलेल्या डोळ्यांनी मुलीला सोडायला यायचे. गाव जवळच, पण मुलीच्या शाळेसाठी शहापुरात खोली घेऊन राहिलेले. सकाळी शाळेच्या आधी हायवेकडच्या एका मोठ्या क्लासात गणित, मग शाळा, मग बाई, असा त्यांनी तिचा दिवस बांधला होता. मी रबर द्यायचं नाकारलं तसे ते भडकले आणि थेट वर गेले. मीही मागोमाग गेलो. दुकान उघडंच टाकून. असलं काही मी चुकवत नाही.

"बाई, पोरीला रबर का देत नाय तुमी? वही बगा तिची! शाळंतल्या बाई बोलतात."

"बसा दादा. पानी घ्या."

"पानी नको. माझं शिक्षान ऱ्हायलं. शेत होतं, मंग कारखान्यातली पाळी आली, ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. हिचं ऱ्हाऊन चालनार नाय. तिकडचे सर म्हनतात, संध्याकाळचं पन आमच्याकडंच पाठवा. पाठवतो मी."

बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दादा, राब करता ना तुमी? भाताच्या रोपांचा?"

"करतो. त्याचं काय?"

"राबातलं रोप रोज उपटून बगता का, मूळ धरलंय का नाय ते?"

वडिलांनी मघाचं पाणी उचलून घेतलं. मी मात्र हसलो, आणि बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जिना उतरलो.

शेवटी ठरलं ते एवढंच. परीक्षेपर्यंत संध्याकाळ बाईंकडे. परीक्षेत मुलीने कागद कोरा ठेवला तर सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही त्या मोठ्या क्लासात. बाईंनी ते मान्य केलं.

त्यानंतर बाईंनी काय करावं? परीक्षा तोंडावर आली आणि त्यांनी गावाकडच्या म्हशाच्या जत्रेसाठी क्लासला सुट्टी दिली. दरवर्षी द्यायच्या, पण त्या वर्षी पालकांच्या तोंडाला फेस यायचा तेवढा बाकी राहिला. ज्यांना यायचं त्या पोरांना घेऊन बाई जीपने निघाल्या. माझ्या दुकानाला तो वार सुट्टीचा, म्हणून मीही जागा मिळवली. स्वराला तिच्या आईने पाठवलं. वडिलांना आधी विचारलं की नंतर सांगितलं, ते देव जाणे.

जत्रेत बैलांचा बाजार भरतो तिथे आम्ही उभे होतो. मला राहवेना. एका पोराला म्हटलं, "सांग बघू, या दावणीला बैल इतके, तर एकूण पाय किती?"

"काका!" बाई कडाडल्या. दोन बैलांनीही माना वळवल्या. "गप ऱ्हावा. जत्रंत गनित नाय."

मग त्यांनी पोरांना फुगे फोडायच्या बंदुकीपाशी नेलं. स्वराची पाळी आली. तिने नेम धरला, हुकला. पुन्हा धरला, पुन्हा हुकला. फुगेवालाही कंटाळला. पुढच्या वेळी छर्रा फळी सोडून कुठेतरी वरच गेला आणि ती मुलगी खळखळून हसली. एवढे महिने ती माझ्या गिऱ्हाइकीत होती, पण तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

"बगा, चुकतेय," बाई मला हळूच म्हणाल्या. "चुकतेय तरी मारतेय."

त्यांचे डोळे भरले होते. धूळ फार आहे इथे, असं म्हणून त्यांनी पदराने पुसले, आणि मग डोक्यावरचा चष्मा शोधायला लागल्या.

जत्रेहून आल्यावर त्यांनी स्वराच्या हातात पेन दिलं. पेन्सिल बंद. पहिले काही दिवस बाकीची पोरं सुटल्यावर ती पेन धरून नुसती बसायची, बाईही तिच्याशेजारी नुसत्या बसायच्या. वरून काही ऐकू आलं नाही की मला कळायचं, आज पण नाही. एकदा मी पार्सल द्यायच्या निमित्ताने वर गेलो तर दोघी वाल सोलत होत्या आणि मधे उघडी वही. "घाई नाय," बाई म्हणाल्या. मग एका संध्याकाळी त्यांचा गडगडाटी आवाज आला. "चुकलं? झकास! मार रेघ! ऱ्हाऊ दे तिला तिथंच, ती पन आपलीच हाय!" खाली मी हातातली मापाची पट्टी सोडून दिली आणि गिऱ्हाइकाला ब्राऊन पेपर जरा जास्तच फाडून दिला.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांची ही गर्दी. आत पोरं परीक्षा देत होती आणि बाहेर आईबाप जास्त देत होते. बाई सकाळपासून पाण्याचा घोट न घेता भिंतीला टेकून उभ्या. स्वराचे वडील पलीकडे उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघणं टाळलं.

पोरं सुटली. स्वरा आली. बोटांना शाई, कपाळालाही थोडी.

"किती बरोबर आली?" वडिलांनी विचारलं.

बाईंनी विचारलं, "किती गोल केलेस?"

"सगळे," स्वरा म्हणाली. हे मला वाकून ऐकावं लागलं नाही. "एक चुकलाय बाई. कुठला ते पण माहितीये. काळा करून झाल्यावर समजलं."

"मंग?"

"मग काय? राहू दिला. पुढचा केला."

बाईंनी तिला पोटाशी धरलं. भर रस्त्यात हुंदके देऊन रडल्या. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला त्यांच्याइतकं जवळचं माणूस शहापुरात दुसरं वाटलं नाही.

स्वराला शिष्यवृत्ती मिळाली नाही. यादीत नाव नव्हतं. निकाल लागला त्या संध्याकाळी तिचे वडील दुकानात आले. बराच वेळ काचेतल्या वस्तू बघत राहिले. मग म्हणाले, "काका, पोरीला एक पेन द्या. चांगलं बगून." सकाळचा क्लास त्यांनी बंद केला.

पुढे बाईंना नोकरी लागली. मुरबाडच्या डोंगराकडच्या एका वाडीवर, सरकारी शाळेत. मी सोडून साऱ्या बाजाराला आनंद झाला. टेम्पोत सामान चढल्यावर त्या दुकानात आल्या आणि तो पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. विसरलेल्या रबरांनी काठोकाठ भरलेला.

"घ्या काका, तुमचाच माल. पन नवा म्हनून परत इकू नका पोरांना. तुमचा भरवसा नाय."

म्हणजे माझा धंदा त्यांना सगळा ठाऊक होता!

आता वरच्या खोल्यांत दुसरा क्लास आहे. पाटी मोठी, आवाज अजिबात नाही. माझी रबरं पहिल्यापेक्षा जास्त खपतात. बाईंचा डबा मी गल्ल्याशेजारीच ठेवला आहे.

परवा स्वरा आली. उंच झाली आहे, वेण्या गेल्या. वह्या घेता घेता तिचं लक्ष डब्याकडे गेलं. तिने झाकण काढलं, हात घालून चाळवलं आणि एक गुलाबी रबर बाहेर काढलं. कोपरा दातांनी कुरतडलेला.

"काका, हे माझं."

"मग घेऊन जा की. तुझंच आहे."

तिने ते नाकाशी नेऊन वास घेतला. हसली.

"राहू दे, काका," असं म्हणून तिने ते डब्यात सोडलं.

टप्.

मी सवयीने वर बघितलं.