डावा गाल

शरीरशास्त्र विभागात मृतदेह उकलून, साफ करून अभ्यासासाठी मांडून ठेवणारे जे काका होते, त्यांना पाठीमागे सगळे खुसपटकाका म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं, आणि ते विभागाचं भांडार सांभाळणाऱ्या भांडारवाल्यानेच ठेवलं असणार, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा संशय होता.

संशय हा त्यांचा स्वभावच. दूधवाला हसला की आज पाणी जास्त, जावई हसला की काहीतरी मागणार. त्यात रोजचं कामही असं, की हसण्याचं कौतुक उरू नये. "हसणं म्हणजे गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी ही बोटभर पट्टी," असं ते नव्या विद्यार्थ्यांना सांगत. "ही ओढली गेली की ओठ वर. माणूस मनातून हसतोय का, ते हिला विचारू नका. आणि कोणी सांगितलं म्हणून काही मानू नका. पुस्तकाने नाही, मीही नाही. चिमट्याने उचलून बघा."

हे वाक्य वहीत लिहून घेतलेली एक विद्यार्थिनी आता त्याच विभागात संशोधन करत होती. सुरी कशी धरायची हे तिला काकांनीच शिकवलेलं. आता काका तिला बाई म्हणत, आणि बाई काकांना काकाच.

बाईंचा विषय तोच स्नायू. काही माणसांत तो मधोमध दुभंगून दोन होतो आणि गालाला खळी पडते. असे दुभंगलेले स्नायू किती चेहऱ्यांत सापडतात, हे त्या मोजत होत्या. काकांनी त्वचा आणि चरबी काढून स्नायू मोकळा करायचा, बाईंनी बघून नोंद करायची, आणि दुभंगलेला निघाला तर तो बरणीत जपून ठेवायचा. दोन वर्षांत एकतीस चेहरे झाले. उजव्या गालात पाच दुभंगलेले निघाले, डाव्या गालात चौदा. असा फरक कुठेच लिहिलेला नाही म्हणून बाई हरखून गेल्या. शुक्रवारी मोठ्या परिषदेत त्या हे वाचणार होत्या.

काकांना हे काही पटेना. चौदा म्हणजे फारच झाले. एवढ्या खळ्या असत्या तर रस्त्यात दिसल्या नसत्या का? पहिला संशय अर्थात बाईंवर. मोठं व्हायची घाई भल्याभल्यांना नडते. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत काकांनी त्यांची नोंदवही उघडून एकेक आकडा स्वतःच्या टिपणाशी ताडून पाहिला. एकही आकडा खोटा नव्हता. मग संशय हुकमी माणसाकडे गेला. भांडारवाला मृतदेह टिकवायच्या औषधात पाणी मिसळत असणार, त्याने स्नायू फाटत असणार. काकांनी पिंपांची झाकणं उघडून नाक जळेपर्यंत वास घेतला. औषध कडक होतं. याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

मंगळवारी सकाळी ते आरशासमोर दाढी करत होते. गालाला पुन्हा ब्लेड लागलं.

बायको मागून म्हणाली, "त्या डाव्या गालाशी तुमचं काय वैर आहे? उजवा बघा कसा गुळगुळीत, आणि हा रोज रक्ताळलेला."

"ब्लेड बोथट झालंय."

"दोन्ही गालांना एकच ब्लेड लावता ना?"

काकांचा हात तिथेच थांबला. वर्षापूर्वी ते विभागाच्या जिन्यावरून पडले होते. तेव्हापासून उजवं मनगट पुरतं वळत नव्हतं. हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं, कारण हात गेला की माणसाला दाराशी बसवून सह्या घ्यायला लावतात. त्यांचं टेबल भिंतीला लागून होतं. मृतदेहाच्या डाव्या गालापर्यंत पोचायला हात पलीकडे नेऊन नेमकं तेच मनगट वळवावं लागे.

त्या दिवशी त्यांनी चौदाही बरण्या काढल्या आणि भिंग घेऊन बसले. मुळातच दुभंगलेल्या स्नायूची कड गुळगुळीत असते. सुरीने झालेल्या फटीत तंतू तिरके तुटलेले दिसतात. पाच कडा गुळगुळीत होत्या. नऊ ठिकाणी तंतू तुटलेले होते. काकांनी तीनदा मोजलं. गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने होते.

बुधवारी बाई आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं. "बाई, नऊ खळ्या देवाने दिलेल्या नाहीत. माझ्या सुरीने पाडल्यात. मनगट वळत नाही माझं. वर्ष झालं."

बाईंनी भिंग घेतलं आणि नऊही बरण्या एकेक करून पाहिल्या. मग वही उघडून डाव्या गालाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. त्यांनी आरडाओरडा केला असता तर काकांना बरं वाटलं असतं.

"परिषदेला कळवते, वाचत नाही म्हणून," त्या म्हणाल्या. मग वही मिटत म्हणाल्या, "मला एकदाही शंका आली नाही, काका."

"का नाही आली? उचलून बघायला मीच शिकवलं होतं ना?"

"तुम्ही साफ केलेला चेहरा कशाला उचलून बघायचा?"

जन्मभर त्यांनी कोणावर इतका विश्वास टाकला नव्हता, आणि आपल्यावर कोणी टाकला असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली.

टेबलावर बत्तिसावा चेहरा होता. काकांनी टेबल ओढून भिंतीपासून दूर केलं. मग फडक्यातून आपली सुरी काढली, मूठ बाईंकडे केली आणि म्हणाले, "तुम्ही धरा. मी गाल ताणून धरतो."

बाईंनी सुरी घेतली. त्यांनी त्वचेची कड हळूहळू सोडवत आणली. मग काका वाकून म्हणाले, "थांबा. खोल जाताय."

"नक्की?"

"माझं ऐकू नका. बघा."

बाईंनी सुरी खाली ठेवली, चिमटा घेतला आणि स्नायू उचलून बघितला.