सोवळ्यातलं, हात लावू नये

कुवेतमध्ये भीत भीत राहणारी माणसं पुष्कळ असतील. पण भीती हौसेनं विकत आणून, निवडून, चाळून, डब्यात भरून, वर चिठ्ठी चिकटवून वर्षानुवर्षं जपणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. फहाहीलच्या पलीकडे एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ते सेफ्टी इंजिनिअर होते. म्हणजे भिण्याचाच त्यांना पगार मिळायचा, आणि ते काम ते घरीही घेऊन यायचे. हॉटेलात गेले की मेनूकार्डाआधी मागचं दार शोधत. लग्नाच्या हॉलमध्ये नवरानवरीला भेटण्याआधी भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याची तारीख वाचत. एकदा आमच्या सबाह अल-सालेमच्या घरी जेवायला आले, आणि जिन्यात एक तुटकी खुर्ची दिसली म्हणून मला अर्धा तास बोलले. "साडूबुवा, धुरात माणूस आंधळा होतो. पायात काय येतं त्यावर जीव अवलंबून असतो," असं त्यांनी वरणभात कालवता कालवता सांगितलं. तो घास मला गिळवला नाही.

अशा माणसाच्या मनात बिअर घरी बनवायची इच्छा यावी, ही नियतीची थट्टाच म्हणायची. झालं असं, की कंपनीच्या ट्रेनिंगसाठी ते एकदा युरोपात गेले होते. तिथल्या एका म्हाताऱ्या फोरमननं त्यांना घरी बोलावलं आणि तळघरात स्वतः बनवलेल्या बिअरचा एक ग्लास पुढ्यात ठेवला. पिण्याचं त्यांना विशेष वेड नव्हतंच. वेड लागलं ते बनवण्याचं. धान्यातून, नुसत्या धान्यातून, हे होतं! परत आले ते हीच गोष्ट घेऊन. आणि परत आले कुठे, तर कुवेतला. इथे दारू बनवणं, ठेवणं, पिणं, सगळंच गुन्हा. सापडला की आधी कोठडी, मग इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द, मग बायकापोरांसकट विमानात, आणि या देशाचं दार कायमचं बंद. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. बनवायचं नाही, फक्त सामान तयार ठेवायचं. "वेळ आली की बघू," ते म्हणत. ती वेळ आधी इकाम्याचं नूतनीकरण झाल्यावर येणार होती, मग मुलीची दहावी झाल्यावर, मग बारावी. अकरा वर्षांत त्यांनी पेलाभरसुद्धा बिअर बनवली नाही. सामान मात्र एक दिवस कमी पडू दिलं नाही.

साठवण्यात त्यांनी कारखान्याची सगळी शिस्त ओतली होती. जुनं पुढे, नवं मागे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तपासणी. जव ते फहाहीलच्या बाजारातल्या एका रत्नागिरीच्या दुकानदाराकडून आणत. तो पहिल्यांदा हसला, मग त्याला काळजी वाटू लागली. "काय वो साहेब, येवढे जव? बिल्डिंगीत घोडा बांधलाव की काय?" त्या दिवसापासून साडू दोन वेगवेगळ्या दुकानांतून निम्मे निम्मे जव आणू लागले. ते भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, बाल्कनीत कडकडीत उन्हात वाळवायचे, भाजून भरडायचे. शेजारी विचारतील तर सातूचं पीठ. चाळून घेतलं की ते रव्यासारखं दिसायचं. कडवटपणासाठी लागणाऱ्या फुलांची पुडी पुण्याहून आली होती. तिच्यावर 'केसगळती, उकळून लावणे' अशी चिठ्ठी. आणि जवाच्या मोठ्या डब्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'श्री सत्यनारायण. प्रसादाचा रवा. सोवळ्यातलं, हात लावू नये.' ही युक्ती सुचली त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम फोन केला. "पोलिसाला उघडायची लाज वाटेल, आणि घरच्यांना भीती," म्हणाले.

खरं तर यातली एकही वस्तू बेकायदा नव्हती. जव, साखर, यीस्ट, सगळं इथल्या जमियात, म्हणजे सहकारी दुकानात, उघड मिळतं. पण साडूंचा सिद्धांत वेगळा होता. गुन्हा वस्तूत नसतो, वस्तूंच्या शेजारात असतो. "तिन्ही वेगवेगळ्या घरांत सापडल्या तर किराणा, एका कपाटात सापडल्या तर केस." म्हणून जव आणि फुलं त्यांच्या घरी, आणि यीस्ट माझ्या फ्रिजमध्ये. मला कुणी विचारलं नाही. एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर त्यांनी खिशातून एक चपटं पाकीट काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि माझी मूठ स्वतःच्या हातांनी बंद केली. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. बेल वाजली की माझं काळीज लक्कन हलायचं. रस्त्यात तपासणीची गाडी दिसली की घरी फ्रिजमध्ये पडलेलं पाकीट मला माझ्या कपाळावर चिकटल्यासारखं वाटायचं. शिवाय कुणी उघडू नये म्हणून त्यांनी त्यावर 'मूळव्याधीचं चूर्ण' असं लिहिलं होतं, त्यामुळे फ्रिजमधून पाणी घ्यायला गेलेले पाहुणे परत येताना माझ्याकडे कळवळून बघत. एका पाहुण्यानं तर मला स्वतःखालची उशी काढून दिली. मी ती घेतली. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

भाची बारावीला गेली तशी साडूंची भीती दुप्पट झाली. आता काही झालं तर पोरीचं वर्ष जाणार, ऐन परीक्षेच्या तोंडावर तिला बॅग भरावी लागणार, हे त्यांनी इतक्यांदा मनाशी घोळवलं होतं की ते वजनानं उतरले. "सगळं टाकून देऊ का?" त्यांनी मला विचारलं. मी आनंदानं हो म्हणालो. "पण कचऱ्यात सापडलं तर?" ते म्हणाले. मग टाकलंही नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शुक्रवारी ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, घरी सत्यनारायण ठेवला. पौरोहित्याला नाशिकचे एक प्रोसेस इंजिनिअर होते, आणि माणसं चाळीस तरी जमली होती. मी दारात पाऊल टाकलं आणि नाकाला वास आला. शिऱ्याचा होता, पण खमंग, भाजलेल्या बिस्किटासारखा. स्वयंपाकघरात साडू रिकामा डबा पोटाशी धरून उभे होते आणि ताई डोळे पुसत होत्या.

"बघा ना भाऊजी, इतकी वर्षं जपून ठेवला यांनी, मला एका शब्दानं बोलले नाहीत," ताई मला म्हणाल्या. "लेकीच्या बारावीसाठीच असणार! सव्वा किलो बरोबर भरला. खपलीचा दिसतोय."

साडूंनी मला दाराआड ओढलं. "चाळीस माणसं खाणार हो."

"काही होईल का कुणाला?"

"होतंय काय, धान्यच ते. पण देवाला काय सांगू?"

कथा झाली, आरती झाली, प्रसाद वाटायला घेतला आणि बेल वाजली. यायची ती सगळी माणसं आधीच आली होती. दार मीच उघडलं. बाहेर इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, आणि त्याच्यामागे गणवेशातले दोन अधिकारी. मला माझा फ्रिज दिसला, बायको दिसली, विमानतळ दिसलं. मागून साडू आले. त्यांनी गणवेश पाहिले आणि मग खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या मुलीकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मी विसरणार नाही. सगळा दोष आपल्यावर घ्यायला निघालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मोठ्या अधिकाऱ्यानं बोट खाली केलं. दारापासून जिन्याच्या खालच्या वळणापर्यंत चाळीस माणसांच्या चपला, बूट, सँडल पसरले होते. आग लागली तर लोक पळणार कसे, असं तो इंग्रजीत विचारत होता. अग्निशमनाची तपासणी होती. जन्मभर जगाला जिने मोकळे ठेवायला सांगणाऱ्या माणसाच्या दारात!

आणि कुणाला काही सुचायच्या आत ताईंनी दोन वाट्या पुढे केल्या. "प्लीज, स्वीट. डॉटर्स एक्झाम."

अधिकारी अवघडला, मग त्यानं चमचाभर खाल्लं. आणखी एक खाल्लं. "झेन. वायद झेन," छान आहे म्हणाला. "व्हॉट इज इट?"

"सूजी," ताई म्हणाल्या.

"बार्ली, सर," साडू म्हणाले. तपासनीसाशी खोटं बोलणं त्यांना जमणारच नव्हतं. माझे डोळे मिटले.

"शईर?" जवाचं अरबी नाव घेत अधिकाऱ्याचा चेहरा खुलला. "माय मदर मेक्स सूप. रमदान." त्यानं वाटी चाटूनपुसून परत दिली आणि चपलांकडे पुन्हा बोट केलं. मग साडूंनी स्वतः, दोन्ही हातांत भरून, चाळीस जोड आत नेले. पुरावा सरकारनंच खाल्ला होता. ताईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या डब्याकडे, आणि "सगळ्यांना वाटी पोचली का?" म्हणत आत गेल्या. त्यानंतर त्या डब्यात कायम खराच रवा राहिला. चिठ्ठी तीच राहिली.

भाची पास झाली, शिकायला पुण्याला गेली. दोन वर्षांनी साडू निवृत्त होऊन कायमचे परतले. जाताना बोटांचे ठसे, इकामा रद्द, फोन बंद, घराच्या किल्ल्या परत, हे सगळं त्यांनी यादी करून नीट पार पाडलं. आता पुण्यात त्यांना कुणाची भीती नाही. तरी अजून काही बनवलेलं नाही. दर शुक्रवारी फोन येतो. हवापाणी झालं की आवाज खाली जातो. "फ्रिज चालू आहे ना?"

मागच्या शुक्रवारी मी धीर केला. "साडूबुवा, पाकिटाची तारीख उलटून सात वर्षं झाली. आता ते मेलं असेल. टाकून देऊ का?"

ते म्हणाले, "बावीस वर्षं राहिलो हो तिथे. आता एक कागद नाही त्या देशात माझ्या नावाचा. तेवढं राहू दे."

मी पाकीट परत लिंबाच्या लोणच्यामागे ठेवलं. तेवढ्यात बेल वाजली, आणि माझं काळीज लक्कन हललं. पाण्याचे कॅन घेऊन माणूस आला होता. ते आत घेताना साडूंची फार आठवण येत होती.